नातेवाइकाची साक्ष

बाह्यरुग्ण विभागात मनोविकारतज्ज्ञाला एका रुग्णासाठी फार थोडी मिनिटे मिळतात. त्या मिनिटांत रुग्ण थोडे बोलतो. सोबत आलेला नातेवाईक पुष्कळ बोलतो. कधी उन्माद तर कधी खोल उदासी, अशा या विकाराचे निदान रक्त तपासून होत नाही. जे दिसते आणि जे सांगितले जाते, त्यावरच औषध ठरते. म्हणजे चिठ्ठीवर सही डॉक्टरांची असली, तरी तिच्यातल्या काही ओळी घरच्यांनीच लिहिलेल्या असतात.

माझ्या धाकट्या भावाला हा विकार आहे. एकदा डॉक्टरांनी त्याला विचारले, "कसे वाटते?" उत्तर मी दिले : "चिडचिड वाढली आहे." ते खरेच होते. मात्र वाडीच्या वाटणीत आपल्याला कोणी विचारले नाही म्हणून तो चिडला होता, हे मी सांगितले नाही. लिथियमची मात्रा वाढली. त्याचे हात कापू लागले, तो गप्प झाला. आणि घरात शांतता आली म्हणून आम्ही देवाचे आभार मानले! खोटी साक्ष देऊ नकोस, ही आज्ञा मी मोडली काय? शब्द तर एकही खोटा नव्हता. तरीही मला वाटते, मोडली. भावाची व्यथा म्हणून मी माझीच अडचण सांगितली होती.

लिथियमला मी दोष देत नाही. 1949 साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादावरील त्याचा गुण प्रसिद्ध केला, तेव्हापासून कितीतरी माणसे त्याच्या आधाराने आपापल्या घरी राहू शकली. देव औषधे भूमीतून निर्माण करतो, असे बेनसिराच्या 38 व्या अध्यायात म्हटले आहे. लिथियम तर खडकातूनच निघते. त्याच्या गुणकारी आणि विषारी मात्रेत अंतर थोडे, म्हणून रक्त तपासावे लागते. पण रक्त प्रमाण सांगते, चिडण्याचे कारण नाही.

मग नातेवाइकाने बाहेरच बसावे काय? तसेही नाही. उन्मादात आपण आजारी आहोत हे रुग्णाला बहुधा पटतच नाही. रात्ररात्र झोप नाही, पैसे उधळले, हे घरच्यांनीच सांगायला हवे. झोपेच्या गोळीची गोष्ट वेगळी. ती काही आठवड्यांपुरती असते, आणि वर्षानुवर्षे चालते. कारण तिच्यामुळे घरालाही झोप लागते. पुढे ती एकदम थांबवणेही धोक्याचे होऊन बसते.

आता दवाखान्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघे एकाच कागदावर लिहितो. मागच्या खेपेस त्याने लिहिले, सकाळी डोके जड असते, ही गोळी कमी करा. खाली मी लिहिले, करू नका. डॉक्टरांनी दोन्ही वाक्ये वाचली आणि मला क्षणभर बाहेर बसायला सांगितले.