आधीपासूनचे आजारी

सकाळच्या चहाआधी गोळी घेणारं माणूस आता घरोघरी आहे. गोळी वेळेवर मिळते, तारखेला डॉक्टर भेटतात, म्हणून आजार आटोक्यात राहतो. साथ येते तेव्हा ही घडीच मोडते.

चौक हे गाव म्हणजे मीरा-भाईंदरचं पश्चिमेचं टोक. उत्तन, पाली, मग चौक. पलीकडे खाडी आणि समुद्र. इथून मोठं रुग्णालय गाठायचं म्हणजे आधी बसने भाईंदर स्टेशन आणि बहुतेकदा पुढे लोकल. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. त्याच वर्षी भाईंदरचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, आपलं टेंभा, कोविडसाठी राखून ठेवलं. मुंबईत नायर रुग्णालयाचंही तेच झालं. खाटा लागणारच होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण आधीपासून आजारी असलेल्यांनी जायचं कुठे?

डायलिसिसचंच घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनवर. एक पाळी चुकली की अंगात पाणी साठतं. पावलं सुजतात, बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. आडवं झालं की दम लागतो, आणि रात्र भिंतीला टेकून बसून काढावी लागते. दम लागणं हे तर कोविडचंही लक्षण! म्हणून अनेक ठिकाणी दारातच कोविडचा रिपोर्ट मागत आणि तो यायला वेळ लागे. ज्या त्रासावर मशीन हाच इलाज, त्याच त्रासामुळे माणूस मशीनपासून अडला. असा कुणी गेला, तर कोविडच्या मृतांत तो मोजला गेला नाही.

देशात २०१९ मध्ये टीबीचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. टीबी एवढा ओसरला नव्हता. कितीतरी जण निदानाशिवाय घरातच खोकत राहिले. देशातल्या कॅन्सरच्या ४१ केंद्रांत मार्च ते मे २०२० या काळात नवे रुग्ण आधीच्या वर्षाच्या निम्म्याहूनही कमी आले.

तरीही परळच्या टाटा रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिलदरम्यान कॅन्सरच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. म्हणजे भर साथीतही हे जमतं, मात्र आधी ठरवावं लागतं. एखादं रुग्णालय साथीसाठी राखलं, तर तिथल्या जुन्या रुग्णांची ओपीडी कुठे हलणार? लांबच्या वस्तीतून त्यांना गाडी कोण देणार? दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम कोण पोचवणार? साथ नसताना, आत्ताच, हे कागदावर यायला हवं. आपण महापालिकेकडे तसा आग्रह धरायला हवा. आणि आशा सेविकांच्या यादीत डायलिसिसवाल्याचा वार आणि टीबीवाल्याच्या गोळ्या संपण्याची तारीख आजपासूनच असावी.