भिंतीपुढे उभं राहताना

आज एक भिंत घेऊ. अमरावतीत जवाहर गेटच्या आतली चालेल, अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाकडची चालेल. अट एवढीच, की ती गेल्या काही वर्षांत मोहल्ल्यातल्या पोरापोरींनी रंगवलेली असावी. वेळ सकाळची बरी. शटरं अजून अर्धी खाली असतात, गिल्यावड्याची गाडी लागलेली नसते. चार पावलं मागं उभे राहा. फोटो काढू नका. श्वास येतो-जातो तसा येऊ-जाऊ द्या. कुणीतरी विचारेलच, 'काय पाहून राह्यले भाऊ, काई सांडलं का?' हसा, आणि पाहत राहा.

आधी रंग पाहा. निळ्या आभाळाकडे लगेच जाऊ नका, लाल कुठं आहे ते शोधा. स्वस्तातला लाल वऱ्हाडच्या उन्हापुढे टिकत नाही. पंचेचाळीस अंशांचे दोन-तीन उन्हाळे गेले, की त्याचा गुलाबी होतो आणि मग नुसताच मळका. आता खालचा गेरूचा पट्टा पाहा, तो तसाच आहे. गेरू म्हणजे लोहाची माती. ऊन तिचं फारसं काही बिघडवत नाही. त्या पट्ट्यापाशी नजर थोडी ठेवा. त्याखाली जिथं पोपडे सुटलेत तो लोणा. जमिनीतली ओल पावसाळ्यात भिंतीत चढते, क्षार वर आणते आणि रंगाला आतून ढकलते. म्हणून जाणते पेंटर दिवाळीआधी भिंतीला हात लावत नाहीत, आधी सुकू देतात.

आता आकृतीकडे या. आपल्याकडच्या भिंतीवर बहुतेक वेळा गाडगेबाबा असतात. चेहरा सोडा, कान पाहा. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी काच. घाईत काढलेल्या चित्रात हे हमखास राहून जातं. हातात झाडू दिला की चित्र झालं, असं वाटतं. कवडी दिसली तर समजा, काढणाऱ्यानं बाबांकडे नीट पाहिलं होतं.

बाबा १८७६ साली अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात जन्मले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला येताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, वाटेतच गेले. दगडाच्या देवावर कीर्तनातून आयुष्यभर कोरडे ओढणारा हा माणूस आज आपणच भिंतीवर बसवलाय, आणि कशासाठी, तर कुणी थुंकू नये म्हणून. हे मनात येऊ द्या. हसू आलं तर तेही येऊ द्या.

जरा बाजूच्या जिन्याकडे वळा. कोपऱ्यात देवांच्या टाईल्स लावलेल्या दिसतील: गणपती, साईबाबा, मक्का, क्रूस, सगळे गुडघ्याच्या उंचीवर ओळीनं. खर्ऱ्याची पिचकारी तिथं थबकते, हे खरं. पण कशानं थबकते? भीतीनं. भीतीच्या भिंती आपल्याकडे नव्या नाहीत. अमरावतीचा परकोट पेंढाऱ्यांच्या धास्तीनंच निजामाच्या अमलात उभा राहिला, व्यापाऱ्यांची पेठ राखायला. (त्या दगडाला मात्र कुणी रंग लावू नये, हे माझं ठाम मत. दगड दगडासारखाच चांगला दिसतो.) आता स्वतःला विचारा, आणि उत्तराची घाई करू नका: समोरच्या या रंगवलेल्या भिंतीला कोण राखतं?

डोळे मिटायचे तर आता मिटा. रंग लागायच्या आधीची सकाळ आठवा, पाहिली नसेल तर कल्पना करा. फाटक्या जाहिरातींचे थर पत्र्यानं खरवडलेले, बादलीभर पाणी, तारेचा ब्रश, नाकाला बांधलेले रुमाल. खराटा आधी येतो, कुंचला मागाहून. बाबांचंही तसंच होतं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकर हजारोंनी मोर्णेत उतरले. काठावर कचरा आणि जलकुंभीचे ढीग लागले, पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही गावाचं नाव निघालं. जलकुंभी पुन्हा पुन्हा येते, तिचा स्वभावच तो. भिंतीवरची पिचकारीही तशीच येते. ते मनाला लावून घेऊ नका, फक्त नोंद घ्या.

अकोल्यातली आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे आणा. श्रावणातला शेवटचा सोमवार. गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी घेऊन निघालेल्या कावडी राजराजेश्वराच्या मंदिराकडे चालल्यात. एकेका मंडळाची सजवलेली पालखी, पाण्याच्या भरण्यांच्या रांगा, आणि त्या पेलणारे खांदे. गल्लीगल्लीत बनलेली ही कला एका दिवसात रस्त्यावरून निघून जाते. तिच्यावर कुणी 'हात लावू नका' असं लिहीत नाही, कारण हात लावल्याशिवाय ती हलतच नाही. भिंत जागची हलत नाही, ही तिची अडचण. एकदा रंगवून झाली की तिला पुन्हा हात लावायचं निमित्त उरत नाही. उद्घाटनाचा फोटो निघतो आणि पोरं आपापल्या वाटेला लागतात. माझ्या मते म्हणूनच भिंतीचा एक कोपरा मुद्दाम कोरा ठेवावा, पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी.

आता डोळे उघडा. शटरं वर गेली असतील. समोरच्या दुकानदाराला विचारा, हे कुणी काढलं? 'महापालिकेवाले येऊन गेले' असं ऐकू आलं, तर चहा प्या आणि निघा. 'आमच्या पोट्ट्यायनं काढलं' असं म्हणाला, तर आणखी एक विचारा: हा लाल उडाला, तो परत कधी भरणार? अशा माणसाकडे तारीख तयार असते, आणि वर्गणीचं पुस्तकही.