काटकसरीला मिळालेली साथ

पुण्यात घराचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी ठरलेला हिशेब मांडतात. सदाशिव पेठेत, वाड्यातल्या दोन खोल्यांत संसार मांडला, पोटाला चिमटा काढला आणि कोथरूडला ब्लॉक घेतला. तुम्हाला एवढे पगार, मग तुम्हाला का जमू नये? काटकसर खरीच होती. पण ती एकटी नव्हती, हे या हिशेबात राहून जातं.

त्या दोन खोल्यांचं भाडं १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जवळजवळ गोठवलं होतं. त्याचा भार वाडामालकांवर पडला, डागडुजीविना भिंती खचल्या. तो अन्याय लहान नव्हता. तरी भाडेकरूच्या हातात पगार उरला तो त्यामुळेच. खोल्या अपुऱ्या, पण चौक, ओसरी आणि आड सगळ्या बिऱ्हाडांचे. आजच्या कार्पेट एरियाशी तुलना करताना ही जागा कुणी मोजत नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतली हजारो घरं गेली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर उभं राहिलं. सहकारी गृहरचना संस्थांमधून सहकारनगर वसलं. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि निगडी-आकुर्डीकडे नोकरदार-कामगारांना ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड मिळू लागले. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी गेल्या, त्यांच्या परताव्याचा प्रश्न मात्र दशकानुदशकं रेंगाळला, हेही विसरता येत नाही. पण मला यातली निर्णायक गोष्ट दिसते ती अशी: आधी शासनाने किंवा सहकाराने जमीन मिळवून दिली, मग तिच्यावर आपल्या आईवडिलांची काटकसर उभी राहिली.

पुढच्या पिढीला ही जमीन बाजारात घ्यावी लागते. केंद्राने २०१९ मध्ये जीएसटीसाठी ‘परवडणाऱ्या घरा’ची जी व्याख्या केली, तिच्यानुसार पुण्यात ९० चौरस मीटरपर्यंतचं आणि ४५ लाखांपर्यंतचं घर त्यात बसतं. अशा घरासाठी साडेआठ टक्के दराने, २० वर्षांसाठी ४० लाखांचं कर्ज काढलं, तर हप्ता महिना ३४,७०० रुपयांच्या आसपास येतो आणि फेड ८३ लाखांवर जाते. हे परवडणारं घर. एका पगाराचं पूर्वीचं काम आता दोन पगार करतात, आणि तेही हिंजवडीचा रोजचा प्रवास सोसून.

मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम राज्यात २०१३ पासून आहे; ती घरं म्हाडाच्या सोडतीतून मिळतात. नशिबावर सोडलेला हा हक्क पुरेसा नाही.

तेव्हा घरात मुलगा आणि सून हप्त्यांची गणितं करत बसली असतील, तर त्यांना काटकसरीचे धडे देऊ नका. आपल्या घराखालची जमीन आपल्याला कशी मिळाली होती, ते त्यांना सांगा. आणि विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा त्यांच्यासाठीही तशी जमीन राखून ठेवा, असं लेखी मागा.