आठव्या तारेचा खरा आवाज

गिटारचे पिकअप बदलायला निघालेला प्रत्येक जण एकच विचारतो: गिटारचा खरा आवाज कुठल्या पिकअपमधून येतो? मी दिवसा कॉलेजात भारतीय दर्शनं शिकवते आणि रात्री आठ तारांच्या गिटारवर शेजाऱ्यांचा अंत पाहते. त्यामुळे हा प्रश्न ऐकला की मला मीमांसक आठवतात. त्यांच्या मते शब्द नित्य. आपण बोलतो तेव्हा तो जन्मत नाही, नुसता प्रकट होतो. नैयायिक म्हणतात, छे, तो उत्पन्न होतो आणि लगेच नाहीसाही होतो. (मीमांसकांना काळजी वेदाची होती, माझ्या डिस्टॉर्शनची नव्हे, हे कबूल.) 'खरा आवाज' शोधणारा गिटारवाला नकळत मीमांसकच असतो. आवाज तारेत आहेच, पिकअपनं तो फक्त उघड करायचा!

पण पिकअपचं काम पाहा. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज उठते. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व तेच. नायलॉनची तार छेडा, पिकअप मुका. वेढे वाढवा, आवाज दणकट होतो पण वरचे हार्मोनिक दबतात. साध्या गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची, माझी आठवी साधारण ४६ ची. सहा तारांवर गोड लागणारा गच्च वेढ्यांचा पिकअप इथे नुसता चिखल करतो. इथवर नैयायिक जिंकले.

मग चुंबक आडवा येतो. आठवी तार चांगली जाड, तिच्यात पोलाद भरपूर. ताकदवान चुंबक फार जवळ नेला तर तो तारेलाच ओढतो आणि सूर डळमळतो. इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून ज्ञान होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते; पण इंद्रियच विषयाला वाकवू लागलं तर काय, याला माझ्या टिपणांत जागा नाही. ईएमजी ८०८ सारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपांनी यावर तोडगा काढला: सौम्य चुंबक, आणि उरलेली ताकद ९ व्होल्टच्या बॅटरीतून. मला बॅटरी सांभाळायचा कंटाळा. मी कमी वेढ्यांचा पॅसिव्ह पिकअप घेतला आणि जाड तारेकडचं त्याचं टोक स्क्रूनं खाली उतरवलं.

मीमांसक मात्र अजून हरलेले नाहीत. ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू नेमका पिकअपवर येतो, तो त्याला जवळजवळ कळतच नाही. मानेजवळच्या पिकअपला जे कळत नाही, ते ब्रिजजवळच्याला कळतं. म्हणजे कुठलाही एक पिकअप सांगतो त्याहून अधिक काहीतरी तारेत आहे. माझं मत असं की तिथे कंपन आहे, आवाज नाही. पण हे उत्तर वर्गात देताना मी थोडी भरभर बोलते.

खरी पंचाईत विद्यार्थ्यांनी केली. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ४६ हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरी तो खालचा स्वर ऐकू येतो, कारण वरच्या हार्मोनिकांवरून कान तो उभा करतो. ''मॅडम, हे प्रत्यक्ष की अनुमान?'' अनुमान म्हणावं तर ऐकणारा कुठली व्याप्ती, म्हणजे 'हे असेल तिथे ते असतंच' असा नियम, आठवत नाही. स्वर थेट ऐकू येतो. प्रत्यक्ष म्हणावं तर संनिकर्ष कशाशी? मी नव्य-नैयायिकांचं ज्ञानलक्षण प्रत्यक्ष पुढे केलं: दुरून चंदन दिसताच 'हे सुगंधी आहे' असं जाणवतं, तसं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ''पण त्यासाठी चंदनाचा वास आधी घेतलेला असावा लागतो. आठ तारांची गिटार कधीच न ऐकलेल्या माझ्या आजीलाही तो स्वर ऐकू आला.''