जुनी बाकी



आपल्या सुरतेत दिवाळीला चोपडापूजन असतं. दुकानादुकानांत नवी वही येते, कुंकवाचं स्वस्तिक निघतं, शुभ-लाभ लिहिलं जातं. आणि मग पहिल्याच पानावर काय उतरतं? गेल्या वर्षीची बाकी! धंद्यात ते बरोबरच आहे. पण घरातही आपण तेच करतो ना? नवा संकल्प, नवी साधना, आणि पहिल्या पानावर जाऊबाई बारा वर्षांपूर्वी काय बोलल्या ते! म्हणून या वेळी आम्ही सेवेकरी भगिनींनी हा विषय घेतला आहे. मागचं सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं?

तुकोबांच्या चरित्रातली एक गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. घरात सावकारी होती, लोकांकडून येणं होतं. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. पण परंपरा पुढचं जे सांगते ते आपण पटकन विसरतो. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. भाऊ कान्होबांच्या वाट्याची अर्धी त्यांच्या हाती दिली आणि फक्त स्वतःच्या वाट्याची सोडली. हे लक्षात ठेवू या, पुढे लागेल.

रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आम्हाला वाटतं, या पुलाची एक कमान हीच असावी, कारण येशूसुद्धा क्षमेची गोष्ट कर्जाच्या भाषेत सांगतो. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का? येशू म्हणतो, सात नव्हे, सत्तर गुणिले सात. आणि मग एक दृष्टांत देतो. एका चाकराचं जन्मभर फिटणार नाही एवढं कर्ज राजा माफ करतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. आपल्याला जे मिळालं त्याच्या मानाने आपलं येणं किती लहान आहे, हे दिसलं की हात आपोआप सैल होतो. श्रद्धा वाढते ती इथे. नुसतं आठवायचं नाही असं ठरवून काही होत नाही.

पण सोडणं म्हणजे विसरणं का? याचं उत्तर आम्हाला लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यात सापडतं. त्या कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं नातेवाइकांच्या आधाराने त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे परत आल्या तेव्हाही आपलं सोवळं सांभाळून. ते कोणी त्यांच्याकडून ओढून घेतलं नाही. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला, उत्तर सापडलं आणि मग भेदाभेद सोडला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो त्याच्यानंतर.

आणि पुढे? ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालं. त्यात टिळकांचा रागीटपणा आहे, विक्षिप्तपणा आहे, स्वतःचे हाल आहेत. काही लपवलेलं नाही. तरी पानोपानी हसू आहे, वसुली कुठेच नाही. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी ६४ अध्याय लिहून पुढे नेलं. म्हणजे आठवण राहिली, व्याज थांबलं. आम्हाला वाटतं, सोडणं म्हणजे एवढंच, आणि हे काही थोडं नाही.

आपलं शहरही साक्षीला आहे. १९९४चा प्लेग सुरत विसरली नाही. विसरली असती तर गटारं आणि कचरा तसाच राहिला असता. आठवण ठेवली म्हणून नंतर शहर स्वच्छ झालं. पण आम्ही प्लेगवाले, असं म्हणत कोणी बसून राहिलं नाही.

आता ती लक्षात ठेवलेली गोष्ट. तुकोबांनी भावाचा वाटा बुडवला नाही. दुसऱ्याचं येणं माफ करण्याचा हक्क आपल्याला नाही. घराघरांत काय होतं, बघा. सुनेला किंवा लेकीला जिचं मन दुखावलं तिलाच सगळे सांगतात, अगं, जुनं सोड ना आता! सांगणारा बहुतेक वेळा तोच, ज्याच्या अंगावर ती बाकी आहे, नाहीतर त्याच्या बाजूचा. हा उपदेश नव्हे, ही सोय झाली. शुभवर्तमानातला जक्कय जकातदार बघा. ज्यांना लुबाडलं त्यांना तो माझं जुनं विसरा असं म्हणाला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत, असं स्वतःहून कबूल केलं. ज्याचं देणं आहे त्याने फेडायचं, ज्याचं येणं आहे त्याने सोडायचं. जागा बदलल्या की धर्माच्या नावाखाली अन्याय होतो. आणि त्रास अजून चालूच असेल तर तो जुना हिशेबच नव्हे. तो आधी थांबवायला हवा.

तेव्हा या आठवड्याची साधना साधी आहे. रात्री दिवा लावल्यावर दोन नावं मनात आणायची. एक, ज्याच्याकडून आपलं येणं आहे. त्याचं व्याज आजपासून बंद. दुसरं, ज्याचं आपण देणं लागतो. त्याला उद्या फोन. पहिलं नाव सगळ्यांना चटकन सुचेल. दुसऱ्यासाठी थोडा वेळ बसावं लागेल, बसू या.

आपल्या सेवेत,
भगिनी मंडळ, सुरत