ड्रमची पातळी

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक बॉयलर ऑपरेटर होते. तीस वर्षं त्यांनी एकच आकडा सांभाळला: बॉयलरच्या ड्रमची, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळी होते त्या टाकीची, पातळी. पाणी खाली गेलं की नळ्या जळतात, फार वर चढलं की वाफेबरोबर टर्बाइनच्या पात्यांवर जातं. डबा खातानाही त्यांनी पॅनेलकडे कधी पाठ केली नाही.

मुलगी त्याच केंद्रात ६६० मेगावॉटच्या नव्या युनिटवर इंजिनिअर लागली. पहिल्याच आठवड्यात जेवताना म्हणाली, "बाबा, आमच्या बॉयलरला ड्रमच नाही."

"मंग पाणी उकळतं कुठं?"

"उकळतच नाही. दाब २२१ बारच्या वर गेला, की पाणी न् वाफ असा भेदच राहत नाही."

त्यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे आमचं सारं खोटं होतं?"

"तुमच्या २१० मेगावॉटच्या युनिटात पाणी कितीला उकळायचं?"

"तीनशे चाळीसच्या आसपास."

"शाळेत तर शंभर शिकलात ना?"

"तो उघड्या गंजाचा हिशेब, पोरी."

"तसाच तुमचा हिशेब २२१च्या खालचा. तिथं तो आजही खराच आहे."

मग तिनं कार्नोची गोष्ट सांगितली. १८२४ साली सादी कार्नो या फ्रेंच तरुणानं वाफेच्या इंजिनाच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा शोधली. ती वरच्या आणि खालच्या तापमानावरच ठरते. पण उष्णता हा एक न घटणारा द्रव आहे, असं धरून त्यानं ते मांडलं होतं. पुढे जूल या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी तो द्रव निकालात निघाला. तरी १८५०मध्ये क्लॉसियस या भौतिकशास्त्रज्ञानं कार्नोचा निष्कर्ष फेकला नाही, त्याला नवा पाया दिला. वाफ आणखी तापवण्याचा सगळा खटाटोप आजही त्याच मर्यादेसाठी चालतो. मला यात क्लॉसियसचा मोठेपणा कार्नोइतकाच दिसतो.

बाबा काही बोलले नाहीत.

महिनाभरानं युनिट बंद होऊन पुन्हा लाईटअप होणार होतं. रात्रपाळीला निघताना ती म्हणाली, "बाबा, सुरुवातीला दाब कमी असतो. तेव्हा आमच्याकडेही पाणी उकळतं. सेपरेटरमध्ये वाफ वेगळी होते, खालच्या टाकीत पाणी साचतं. त्याची पातळी राखावी लागते."

ते खाटेवरून उठून बसले. "मंग ऐक. दाब एकदम पडला, की पाण्यातले बुडबुडे फुगतात अन् पातळी वर चढल्यासारखी दिसते. घाबरून पाणी तोडू नको. ते वाढलेलं नसते, फुगलेलं असते."

पहाटे दाब हलला. पडद्यावर पातळी चढताना दिसली. तिनं पाणी तोडलं नाही. थोड्याच वेळात पातळी जागेवर आली.