कूर्मदृष्टी

आषाढाच्या तोंडावर माझ्या भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत मेरीलँड प्रांतात नोकरीस असतो. त्याच्या मुलाला रानाकडेच्या रस्त्यावर एक कासव सापडले. मोटारीखाली येईल म्हणून पोराने ते घरी आणून खोक्यात ठेवले. खायला फळे, प्यायला पाणी, सगळे यथास्थित. पण ते दिवसभर खोक्याचा एकच कोपरा ओरबाडते. "मामा, ही दया झाली की नाही?" मी म्हणालो, "झालीच. पाळा, पुण्य आहे." फोन ठेवला, पण ते ओरबाडणे काही मनातून जाईना.

मग नातीला बसवून त्या कासवाविषयी वाचून घेतले. तिकडे त्याला बॉक्स टर्टल म्हणतात. हे कासव तळ्यातले नव्हे, रानातले, पालापाचोळ्यात वावरणारे. लांबी पाच-सहा इंच, पाठ घुमटासारखी, तिच्यावर पिवळ्या-नारिंगी रेघा. पोटाच्या कवचाला आडवी बिजागरी असते. भय वाटले की पुढचे-मागचे दोन्ही भाग वर उचलून आत गडप! गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची उपमा सांगताना मी नुसती मूठ मिटून दाखवतो. हे तर कवाडच लावून घेते. माणसाला घातक असलेल्या काही अळिंब्याही ते पचवते. मे-ॲपल नावाच्या रानरोपाची फळे खाते, आणि त्याच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात. रान त्याला पोसते, तसे तेही रानाला पोसते.

पण मुख्य गोष्ट जागेची. ल्युसिल स्टिकेल या विदुषींनी 1944 पासून मेरीलँडमध्येच, पटक्सेंटच्या रानात, कवचांच्या कडेला खुणेच्या खाचा पाडून ही कासवे ओळखून ठेवली आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचा माग घेतला. बहुतेक प्रौढ कासवे शंभर-दीडशे मीटरांच्या टापूतच राहिली, वर्षानुवर्षे त्याच. दूर नेऊन सोडले तर असे कासव पुष्कळदा माघारी फिरू पाहते, नवे रस्ते ओलांडते आणि चाकाखाली जाते.

एक उचलले म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पन्नास वर्षे आणि त्याहूनही अधिक जगणारा हा जीव. मादीला वयात यायलाच सात-दहा वर्षे लागतात; एका वेळी अंडी घालते ती चार-पाच, आणि तीही रॅकूनसारखी जनावरे उकरून खातात. जन्मभर अंडी घालावीत तेव्हा मागे एक-दोन जीव उरायचे. त्यातले मोठे झालेले एक आपण खोक्यात घालतो.

आता माझी पंचाईत ऐका. ही मादी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. पिलाचे तोंडही पाहत नाही. आणि मी तर चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो की कासवी पिलांना नुसत्या दृष्टीने पोसते! मग दृष्टांत खोटा पडला काय? शास्त्रकार म्हणतात, दृष्टांत एकदेशी असतो. मुखाला चंद्र म्हटले तर कांती घ्यावी, डाग घेऊ नये. या दृष्टांतात घ्यायचे ते एवढेच, की ती दया हाताची नाही, दृष्टीची आहे. जवळ न ओढता राखणारी. पिलांच्या बाबतीत कासवी तसे करत नसेल, पण कासवाच्या बाबतीत आपल्याला ते करता येते. पोराची करुणा खरीच होती. घरी नेण्यात थोडी हौसही होती, आणि माझ्या "पाळा" म्हणण्यात तर विचारच नव्हता.

मीच पुन्हा फोन केला. "माझे उत्तर चुकले. सापडले त्याच जागी न्या. ज्या दिशेला तोंड होते, रस्त्याच्या त्या बाजूला रानात ठेवा." मुलाला दिशा आठवत होती. तो रडला, असे भाचा म्हणाला. रविवारी ते दोघे गेले. खाली ठेवताच कासव मिटून बसले. पोरगा वाकून बघत राहिला, तोवर ते उघडेचना. मग ते दोघे दूर एका झाडाआड जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आधी डोके बाहेर आले, मग पाय, आणि ते पाचोळ्यातून सरळ ओढ्याकडे चालू लागले.